अक्कलदाढेचं वळण

दात ठणकत असताना माणूस हसू शकतो, हे आमच्या डॉक्टरांकडे कामाला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. गालाला रुमाल दाबून, डोळ्यांत पाणी घेऊन पेशंट जिना चढायचा, दार ढकलायचा आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या ठणका विसरून म्हणायचा, "आयला, हे काय?"

क्लिनिक लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानाच्या वर. खाली दात पाडायची सोय, वर बसवायची. डॉक्टर आणि दुकानदार एकमेकांना 'भागीदार' म्हणायचे. इतर दवाखान्यांत बाहेरच्या खोलीत काय असतं? फाटकी मासिकं, नाहीतर भिंतीवर किडलेल्या दाताचं चित्र. आमच्याकडे खोलीच्या मधोमध एक लांबरुंद फळी होती आणि फळीवर मोटारींचा रस्ता. काळा रंग दिलेला, कडेनं पांढरे पट्टे ओढलेला, वळणावळणांचा. रस्त्यात दोन खाचा, खाचांच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांत वीज, पण इतकी हलकी की बोट लावलं तरी कळायचं नाही. गाडी तळहाताएवढी. तिच्या नाकाखाली एक छोटी जीभ, ती खाचेत बसायची आणि पट्टीवरची वीज पोटातल्या मोटरला पोचवायची. आपल्या हातात पिस्तुलासारखा खटका. दाबला की गाडी पळाली, सोडला की थांबली. दोघांनी दोन खाचा धरायच्या आणि लावायची शर्यत.

रस्त्याच्या प्रत्येक वळणाला नाव होतं, आणि नावं अर्थातच दातांची. सरळ पट्टा म्हणजे पुढचे दात, मग सुळा, मग दाढा, आणि खिडकीजवळच्या टोकाला गाडी एकदम उलटी फिरवणारं जे वळण होतं ती अक्कलदाढ. तिथं सगळ्यांच्या गाड्या उडायच्या. जोरात आली की गाडी खाच सोडून थेट भिंतीवर. डॉक्टर आतून, कुणाच्या तरी तोंडात आरसा धरून, नुसत्या आवाजावरून ओळखायचे आणि ओरडायचे, "वळणाच्या आधी सोडायचं हो! वळणात गेल्यावर सोडून काय उपयोग?"

एवढं एक वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. लहान पोर असो, बँकेचा मॅनेजर असो, नाहीतर तुंगार्लीच्या बंगल्यात सुट्टीला आलेली बाई असो. खटका कोण कसा दाबतो यावरून ते दातांचं निदान करायचे. दाबून धरणारा माणूस ब्रशही दाबूनच घासणार, म्हणजे हिरड्या गेलेल्या. घाबरत घाबरत दाबणारा आत घासतच नाही, दाढा किडलेल्या. मग तोंड उघडून बघायचे आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मी म्हणायचे, "नशीब तुमचं, बरोबर आलं." ते म्हणायचे, "नशीब नव्हे, शास्त्र."

नावं त्यांच्या लक्षात राहात नसत. माणूस गावावरून आणि दातावरून ओळखायचे. कामशेतचा सुळा, वडगावची कवळी, शिरगावची अक्कलदाढ. मी सासरी परंदवडीला राहणारी, रोज तळेगावहून लोकलनं येणारी, म्हणून मी 'परंदवडी'. "परंदवडी, चिमटा." "परंदवडी, कापूस." पगाराच्या पाकिटावरसुद्धा परंदवडी लिहायचे. पहिल्यांदा राग आला. नंतर कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर मीच मागं वळून बघायची नाही.

आता या गाड्या दुकानातल्या तयार नव्हत्या बरं का. तयार गाडीचा डॉक्टरांना भयंकर तिटकारा. ते खोकी मागवायचे. प्लास्टिकचे सुटे भाग असतात, ते चिकटवायचे, रंगवायचे आणि जन्मभर काचेच्या कपाटात ठेवून बघायचे, असली शोभेच्या गाड्यांची खोकी. आणि कपाटाचं नाव काढलं की हा माणूस पेटायचा.

"बघत काय बसायचं? उभी गाडी म्हणजे ग्लासात काढून ठेवलेली कवळी. असेल चकचकीत, पण तिनं कधी भाकरी चावली नाही!"

मग त्या बिचाऱ्या गाडीचं ऑपरेशन निघायचं. पेशंट नसले की आतल्या खोलीत, कवळ्या करायच्या टेबलावर. दात कोरायच्या मशिननं तिचा तळ कापायचा. चाकांवरच्या कमानी आतून खरवडून मोठ्या करायच्या, कारण शोभेच्या गाडीची चाकं नुसती चिकटवलेली, ती फिरायला लागली की घासतात. पितळेच्या पत्र्याचा नवा सांगाडा, त्यावर मोटर, मागच्या चाकांना दातेरी चक्र. पुढं नाकात शिशाचा तुकडा, म्हणजे जीभ खाचेतून उठत नाही. शेवटी वरची टोपी, म्हणजे गाडीचं बाहेरचं अंग, दोन स्क्रूंनी बसवायची, आणि ते स्क्रू मुद्दाम जरा ढिले ठेवायचे. मी एकदा कामसूपणानं घट्ट पिळले तर कोण चिडले! "अगं, कवळी आहे का ही? अंग थोडं हललं पाहिजे, तर वळणात टिकते."

मोटर बसवायला जागा हवी म्हणून आतला ड्रायव्हर कमरेत कापावा लागायचा. वरचा अर्धा खिडकीत दिसायला ठेवायचा, खालचा अर्धा केरात. असेच एकदा दोन पाय माझ्या डब्याच्या पिशवीत पडले असावेत. घरी सासूबाई डबा काढायला गेल्या आणि किंचाळल्या, "अगं बया, ह्ये कुनाचं पाय?"

मी सांगितलं की ड्रायव्हरचे. डॉक्टरांनी कापले.

"तू दाताच्या डाक्टरकडं जाती का आनि कुटं?" त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या. पुढं कित्येक दिवस दाढ दुखली तरी लवंग धरून बसायच्या, पण लोणावळ्याला यायला तयार होईनात.

शिरगावचे एक आबा होते. इंजेक्शनचं नाव काढलं की उठून चालायला लागायचे. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत न बसवता ट्रॅकपाशी उभं केलं आणि हातात खटका दिला. आबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर हाकलेला. दाबला पार मुठीनं. गाडी अक्कलदाढेवरून उडाली ती सोफ्याखाली.

"आबा, वळणाच्या आधी सोडायचं."

"आमचा बैल बी वळनाला सवताहून हळू व्हतो, डाक्टर. तुमच्या गाडीला तेवडी बी अक्कल न्हाई."

"गाडीला नाहीच आबा, म्हणून तर माणूस लागतो."

ते ऐकून आबा इतके हसले की दुखती दाढ दिसली. त्या दिवशी ते फेऱ्या मारत बसले, आणि दाढ कधी सुन्न झाली नि कधी निघाली याचा त्यांना पत्ता लागला नाही असं ते गावभर सांगायचे. खोटं आहे, चांगले ओरडले होते. पण त्यानंतर शिरगावातून निम्मी बिनदुखण्याची माणसंच यायला लागली.

एवढा हा माणूस गाड्या पळवायचा, पण एका गाडीला मात्र त्याला हात लावता येत नव्हता. ती गाडी त्यांच्या ताईंची.

ताई डॉक्टरांहून सात वर्षांनी मोठ्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे समोरचा माणूस म्हणजे मागच्या बाकावरचा पोरगा आहे असंच समजून बोलायच्या. यजमान गेल्यावर तुंगार्लीच्या बंगल्यात एकट्या राहायच्या. त्यांच्या दिवाणखान्यात एक काचेचं कपाट होतं आणि कपाटात एक निळी, बसकी, लांब नाकाची गाडी. ताई तेरा-चौदा वर्षांच्या असताना त्यांना टायफॉइड झाला होता, तेव्हा वडिलांनी मुंबईहून ते खोकं आणून दिलं होतं. अंथरुणावर बसून पोरीनं एकटीनं गाडी जोडली, रंगवली आणि खिडकीत वाळत ठेवली. आणि तेवढ्यात धाकट्या भावानं येऊन ओल्या रंगावर बोट टेकवलं.

तो ठसा अजून होता. नाकावर, डाव्या अंगाला, हरभऱ्याएवढा. ताई आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवायच्या. "हे आमच्या बंधुराजांचं कर्तृत्व." आणि डॉक्टर, डोक्यावर पांढरे केस असलेला माणूस, दर वेळी मान खाली घालून उभा राहायचा. मला तर हसू आवरायचं नाही.

"ताई, एकदा पळवू या ना गं ती." हे त्यांनी माझ्यादेखत किती वेळा विचारलं असेल!

"ती बघायची गाडी आहे, बाळ. हात लावायचा नाही."

संपलं. सहाव्या वर्षी जे ऐकलं तेच साठीनंतर.

मग एका पावसाळ्यात ताई न्हाणीघरात पडल्या आणि गुडघा गेला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. हॉस्पिटलचे डॉक्टर त्यांना चालायला सांगायचे, पण पुन्हा पडायची त्यांना इतकी धास्ती बसली की पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. फाटकाबाहेर म्हणून पाऊल टाकेनात. शेवटी मुलीनं ठरवलं, बंगला विकायचा आणि आईला बंगळूरला न्यायचं. दिवाळी इथं करायची, भाऊबीज झाली की निघायचं.

आमचे डॉक्टर फक्त गाड्या जास्त करायला लागले. एका महिन्यात तीन खोकी फोडलेली बघून मी ओळखलं की माणसाला लागलंय. दोघंच भावंडं, आईवडील कधीच गेलेले. मी विचारलं, "डॉक्टर, ताई जाणार म्हणून वाईट वाटतंय ना?" तर म्हणाले, "छे! माझं काय, मला आता शिव्या कोण देणार एवढाच प्रश्न आहे." आणि चष्मा पुसायला लागले.

बंगल्याला रंग द्यायचा होता म्हणून दसऱ्याच्या आधी ताईंनी ती निळी गाडी क्लिनिकमध्ये पाठवली. बरोबर फोन. मला. डॉक्टरांना नाही, मला! "रंगारी पाडतील म्हणून ठेवायला दिलीय. कपाटात ठेव. त्याला सांग, बघायची. हात लावायचा नाही."

दसऱ्याला आमच्याकडे दणक्यात पूजा असायची. दात काढायचे चिमटे, मशिन, पेशंटची खुर्ची, आणि ट्रॅकवर ओळीनं सगळ्या गाड्या. प्रत्येकीला झेंडूची एक पाकळी. लोक मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्या गाड्यांना लिंबू म्हणजे डोंगर झाला असता, म्हणून डॉक्टर वाटाणा ठेवायचे. पूजा झाली की प्रत्येक गाडीनं वाटाण्यावरून जाऊन एक फेरी मारायची. गाडी पूजून जागेवर ठेवायची नाही, असा त्यांचा दंडक. त्या वर्षी निळी गाडीही पूजेत होती. सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या, चिक्कीवाल्या भागीदारांनीसुद्धा एक मारली, आणि ती एकटी वाटाण्यामागं उभी राहिली. डॉक्टर बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, झालं, आता हे काहीतरी करणार.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "परंदवडी, मी तिला कापणार नाही. मोटर लावणार नाही. नुसतं माप घेतो."

कवळी करताना आम्ही माप घेतो ते बहुतेकांना माहीत असेल. पावडर पाण्यात कालवून लगदा करायचा, साच्यात भरायचा आणि पेशंटच्या तोंडात दाबायचा. लगदा घट्ट झाला की साचा बाहेर काढायचा, त्यात दातांचा हुबेहूब ठसा. डॉक्टरांचा बेत असा, की निळ्या गाडीचं तसंच माप घ्यायचं, कवळीच्या मालात तशीच टोपी ओतायची आणि ती पळवायची. ताईंची गाडी ताईंच्या कपाटात, आपली आपल्या ट्रॅकवर. ऐकायला काही वाईट नव्हतं.

मी म्हटलं, "ताईंना विचारा."

"विचारलं तर नाही म्हणेल."

"म्हणून तर विचारा."

पण ऐकतात कुठं. गाडीला हलकं तेल चोळलं, लगद्यात दाबली, लगदा घट्ट होईपर्यंत शीळ घातली. आणि मग तो घोटाळा झाला जो फक्त दाताचा डॉक्टरच करू शकतो. तोंडातून माप काढताना ते एका झटक्यात काढायचं असतं. हलवत बसलं तर ठसा फाटतो. उभ्या आयुष्यात हजारो मापं तशी काढलेली, हाताला दुसरी सवयच नव्हती. त्यांनी साचा धरला आणि दिला झटका.

कट्ट असा आवाज आला. नंतर किती तरी बारीक कट्ट कट्ट. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा तो सुकलेला चिकटा, त्यानं सगळीकडून हात सोडले. छप्पर एकीकडे, दारं एकीकडे, पुढची काच टेबलाखाली.

डॉक्टर पांढरेफटक पडले. मी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, पाणी दिलं. काही वेळानं त्यांनी तो लगद्याचा साचा उचलला, उजेडात धरला आणि क्षीण आवाजात म्हणाले, "माप मात्र काय सुरेख आलंय गं!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

नंतरचे दिवस विचारू नका. माणूस जेवेना. अक्कलदाढेवर गाड्या उडाल्या तरी आतून आवाज नाही. भागीदार वर येऊन मला हळूच विचारून गेले, "डॉक्टरांची तब्येत बरी नाही का?" एकदा मी म्हटलं, "तुटलं काहीच नाहीये, नुसतं सुटलंय. जोडून टाका, त्यांना कळणारही नाही."

"मला कळेल ना," ते म्हणाले. "ती रागानं बंगळूरला गेली तर फोनवर राग काढता येत नाही, परंदवडी. फोन ठेवता येतो. आणि एकदा ठेवलेला या वयात कोण परत उचलतो?"

मी कापूस आणला आणि निळे तुकडे एकेक करून त्यावर ठेवायला लागले.

भाऊबीजेच्या सकाळी मला घेऊन तुंगार्लीला गेले. माझी भाऊबीज संध्याकाळी माहेरी, शिरगावला, त्यामुळे सकाळ मोकळी होती. "तू चल. परक्या माणसासमोर ती हात उगारणार नाही." डॉक्टरांच्या हातात रुमालानं झाकलेला स्टीलचा ट्रे, आमचा क्लिनिकचाच. घराला नव्या रंगाचा वास, निम्मं सामान बांधलेलं. ताई खुर्चीत बसलेल्या, समोर पाट, पाटाभोवती रांगोळी. डॉक्टर टोपी घालून पाटावर बसले. ताईंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारीनं ओवाळलं आणि निरांजनाचं ताट हातात घेतलं.

ताट पहिल्या फेरीत असतानाच डॉक्टर म्हणाले, "ताई, गाडी मोडली."

तेव्हा कुठं मला कळलं, या लबाडानं ही वेळ का निवडली. दोन्ही हातांत ताट, ताटात पेटलेली ज्योत, आणि ओवाळताना भावावर रागवायचं नसतं!

"कुठली गाडी?" ताट फिरतच होतं.

"निळी."

ताट थबकलं. मग पुन्हा फिरायला लागलं, जरा जोरात. ज्योत फडफडली. ताई दातओठ खाऊन हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "हे ताट खाली ठेवू दे, बाळ. मग तुला बघते."

ताट खाली ठेवलं. डॉक्टरांनी ओवाळणी म्हणून ट्रे पुढं सरकवला आणि रुमाल काढला. पांढऱ्या कापसावर निळे तुकडे, धुऊनपुसून, ओळीनं लावलेले. आणि शेजारी एक दुसरी गाडी. हुबेहूब तशीच, पण रंग कवळीच्या हिरड्यांचा. गुलाबी.

ताई बोलेनात. वर्गात पोरं घाबरायची ती या शांततेला घाबरत असतील. मी भिंतीला टेकले. डॉक्टरांच्या कपाळावरच्या अक्षता टपकन मांडीवर पडल्या.

"ही काय थेरं?" ताईंनी गुलाबी गाडी उचलली.

"तुझ्या गाडीचं माप. तेच काढताना मोडली."

ताईंनी ती उलटसुलट केली. चष्मा कपाळावर चढवला, डोळ्यांजवळ नेली. अंगठा नाकावरून डाव्या अंगाला फिरला आणि तिथं थांबला.

"हा पण आला?"

"माप आहे, ताई. होतं ते सगळं येतं."

हरभऱ्याएवढा ठसा. सहा वर्षांच्या बोटाच्या रेघासुद्धा दिसत होत्या. ताईंनी भावाचा हात ओढून घेतला, त्याचं तेच बोट त्या ठशावर टेकवलं. आता चार ठसे मावले असते त्यात. आणि एकदम त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला त्यांनी पदर शोधला तर सापडेना. मीच रुमाल दिला, तो ट्रेवरचा.

"उद्या रिक्षा पाठव," नाक पुसून त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मला न्यायला. मोडलीस तू, जोडीन मी. तुझ्या हातात देते की काय आता!"

जी बाई फाटकाबाहेर यायला तयार नव्हती ती दुसऱ्या दिवशी वॉकर टेकत आमचा जिना चढली. पायरीला एक शिवी डॉक्टरांना, अशा हिशोबानं वर पोचली. मुलीला फोनवर सांगून टाकलं, तिकीट पुढं ढकल, माझं काम आहे. आतल्या टेबलावर बसून, डॉक्टरांचा भिंगाचा चष्मा लावून कामाला लागल्या. जुना चिकटा खरवडायच्या, तुकडे पुसायच्या. डॉक्टरांना फक्त "हे धर" आणि "गप बस" एवढंच. बाहेरच्या पेशंटांनाही तिथूनच झापायच्या. "कोण तो खटका आपटतोय? सरळ धर!"

चाकांपाशी आल्यावर मात्र त्यांचा हात थांबला.

"बाळ, तुला माहितीय का? या चाकांना फिरायची सोय होती. खोक्यावर लिहिलंच होतं, इथं चिकटवू नका."

"मग?"

"मीच चिकटवली. तू पळवशील म्हणून."

डॉक्टरांनी टेबलावरची सुरी पुढं केली. ताईंनी सुरी घेतली, हळूहळू तो चिकटा कापला आणि बोटानं चाक फिरवलं. ते फिरलं. पुन्हा फिरवलं.

"ती मोटर कुठं बसते म्हणतोस?" त्या म्हणाल्या.

तळ कापायची वेळ आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या. मशिनचा आवाज सुरू. "कापलंस?" "अजून नाही." "आता कापलंस?" "ताई, तुला भूल देऊ का?" ड्रायव्हरला मात्र त्यांनी स्वतः कमरेत कापलं, जराही डगमगल्या नाहीत. नवा रंग सगळीकडे दिला, फक्त नाकावरची ती हरभऱ्याएवढी जागा सोडून.

गाडी ट्रॅकवर आली त्या दिवशी बाहेरची खोली गच्च. भागीदार आले, शिरगावचे आबा आले, माझ्या सासूबाईसुद्धा आल्या, दाढेचं निमित्त करून. चाकाखाली वाटाणा ठेवला. ताईंनी खटका घेतला. आता डॉक्टर ते वाक्य बोलणार, वळणाच्या आधी सोडायचं, असं मला वाटलं. मी वळून बघितलं तर ते जागेवर नाहीत. खिडकीपाशी, अक्कलदाढेच्या टोकाला जाऊन, अंगातला ॲप्रन काढून दोन्ही हातांनी पसरून उभे होते. 

ताईंनी दाबला तो पार तळाला. वाटाणा उडाला. पुढचे दात, सुळा, दाढा, निळी गाडी सुसाट गेली आणि अक्कलदाढेवर व्हायचं तेच झालं. सासूबाईंनी डोळे झाकले. गाडी उडाली ती बरोबर ॲप्रनमध्ये.

डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी आणून पुन्हा खाचेत ठेवली. ताईंच्या गालांवर लाली चढली होती. वॉकर कुठं राहिला होता कुणास ठाऊक, ट्रॅकच्या कडेला धरून त्या उभ्या होत्या.

"परत," त्या म्हणाल्या.

ताई बंगळूरला गेल्याच. जायच्या दिवशी डॉक्टरांनी निळी गाडी कापसात गुंडाळून डब्यात भरून दिली. ताईंनी डबा उघडला, गाडी काढली आणि आपल्या हातानं ट्रॅकवर ठेवली. "तिकडं फ्लॅटमध्ये ती काय करणार? पुन्हा कपाटात बसेल. इथंच राहू दे. पण उभी ठेवलीस, तर माझ्याशी गाठ आहे."

डॉक्टरांनीही आता क्लिनिक बंद केलंय. मी तळेगावला दुसऱ्या दवाखान्यात आहे, तिथं भिंतीवर टीव्ही असतो आणि पेशंट एकमेकांशी बोलत नाहीत. रविवारी मात्र मी लोणावळ्याला जाते. फळी डॉक्टरांनी घरी हॉलमध्ये मांडलीय. सोफा बाहेर गॅलरीत. मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवायचा, पलीकडून ताई. डॉक्टर गुलाबी गाडी चालवतात, ताईंची निळी मी. हरले की डॉक्टर म्हणतात, वीज कमी आली.

परवाचीच गोष्ट. शेवटची फेरी, दोन्ही गाड्या बरोबरीनं दाढांवरून निघालेल्या, पुढं अक्कलदाढ. शेजारून डॉक्टर ओरडताहेत, "परंदवडी, सोड! वळणाच्या आधी सोड!" आणि मोबाईलमधून ताई, "दाब गं! अजिबात सोडू नकोस, दाब!"

मी दाबते. वळणावर ॲप्रन बांधलेलाच असतो.